नवं रबर टाकूनही मशीन गळतंय? रबर बसतं ती जागा बघा

आमच्या फ्रंट लोड, म्हणजे पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनच्या दाराचं रबर चार महिन्यांत दोनदा बदललं. एकदा जुलैत, एकदा ऑक्टोबरात. दोन्ही वेळा मेकॅनिकनं जुनं रबर हातात ठेवलं, "बघा ताई, गेलंय" म्हणाला, पैसे घेतले. आणि महिन्याभरात ड्राय बाल्कनीतलं पायपुसणं पुन्हा चिंब. दुसऱ्या खेपेला काढलेलं रबर मी ठेवून घेतलं होतं. ते धुऊन, वाळवून, बोटांनी ताणून सगळीकडून पाहिलं. कुठंही चीर नव्हती.

तिसऱ्या वेळी फोन करायच्या आधी टॉर्च घेऊन मीच फरशीवर आडवी झाले. त्यानंतर आमचं मशीन, खालच्या मजल्यावरच्या काकूंचं आणि साताऱ्याला सासूबाईंचं सेमी-ऑटोमॅटिक, अशी तीन यंत्रं उघडून झाली. ज्यांचं मशीन बदलून घेतल्यावरही परत गळतं, त्यांच्यासाठी हे मुख्यतः लिहिते आहे.

सील म्हणा, गॅस्केट म्हणा, नुसतं रबर पाणी अडवत नाही. ते कशावर तरी दाबून बसतं तेव्हा पाणी अडतं. दाराचं रबर काचेवर बसतं, टबचं (ड्रमभोवतीच्या, पाणी धरणाऱ्या भांड्याचं) सील ड्रमच्या शाफ्टवरच्या, म्हणजे दांड्यावरच्या, गुळगुळीत बुशवर, फिल्टरची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं, प्लास्टिकच्या खोबणीत, नळीतलं वॉशर तोटीच्या कडेवर. कुकरची रिंग नवी आणली पण झाकणाची कड चेपलेली असेल तर वाफ जाणारच, हे आपल्याला न सांगता कळतं. मशीनच्या बाबतीत मात्र सगळे रबर बदलून मोकळे होतात आणि ते ज्यावर बसतं तिकडं कोणी बघत नाही. परत परत गळणाऱ्या मशीनमध्ये मला बहुतेक वेळा दोष तिथंच सापडला.

आधी पाणी कधी येतं ते बघा

ड्राय बाल्कनीच्या फरशीला जाळीकडं उतार असतो. त्यामुळं मागून गळो, मधून गळो, नाहीतर नळातून, पाणी शेवटी एकाच कोपऱ्यात जमतं. आमची जाळी मशीनच्या पुढच्या बाजूला आहे. म्हणून पाणी कायम पुढं दिसायचं, आणि पुढं दिसलं की दाराचं रबर गेलं असा निकाल.

मी दिवाळीची उरलेली पांढरी रांगोळी वापरली. फरशी पूर्ण कोरडी पुसली, मशीनखाली जाईल एवढ्या रुंदीच्या वर्तमानपत्राच्या चार पट्ट्या केल्या, पुढं, मागं आणि दोन बाजूंना सरकवल्या, आणि त्यांवर रांगोळीचा पातळ थर दिला. पहिला थेंब पडला की तिथं करडा ठिपका उमटतो आणि पाणी पसरलं तरी सुरुवात कुठून झाली ते दिसत राहतं. टाल्कम पावडरही चालते. मग मशीन लावून स्टूल घेऊन समोर बसायचं. कंटाळवाणं काम आहे, पण तासाभराच्या या कंटाळ्यानं दीड हजारांचं रबर वाचू शकतं.

घड्याळ मात्र हवं. मशीन बंद असताना, नळ चालू ठेवल्यावर थेंब येत असतील तर इनलेट नळीचं (मशीनला पाणी आणणाऱ्या नळीचं) वॉशर किंवा पाणी घेणारा व्हॉल्व्ह. नळ बंद, मशीन बंद, तरी पुढच्या खालच्या कोपऱ्यात ओल, म्हणजे बहुधा ड्रेन फिल्टरची ओ-रिंग. कारण पंपाच्या पोटात थोडं पाणी कायम उरलेलं असतं. पहिल्या दोन-चार मिनिटांत, पाणी भरताना आलं तर साबणाच्या ड्रॉवरकडं बघा. ड्रम फिरायला लागल्यावर आलं तर दार, टबचं सील किंवा टब आणि पंप जोडणारी जाड रबरी नळी. पाणी सोडताना भस्सकन आलं तर ड्रेनची नळी, आणि त्यातही उंदीर. याला हसू नका. मशीनच्या खालून शिरून उंदरानं कुरतडलेली ड्रेन नळी मी काकूंच्या मशीनमध्ये पाहिली आहे. दातांचे ठसे स्पष्ट होते. नळी बदलली आणि तळाला जाळी ठोकली. जाळी न ठोकता नुसती नळी बदलून उपयोग नाही, उंदीर परत येतो.

फक्त स्पिनमध्ये, आणि तेही मागच्या पट्टीवर ठिपके आले, तर टबचं सील. त्यावर पुढं सविस्तर.

आमच्या मशीनचं दुखणं: सीलचं नव्हतंच

रांगोळीनं आमचा निकाल असा दिला: पहिला ठिपका पुढच्या पट्टीवर, डाव्या बाजूला, दाराच्या नव्हे तर बरोबर साबणाच्या ड्रॉवरच्या खाली. आणि तो धुणं सुरू होऊन वीसेक मिनिटांनी. ड्रॉवर ओढला तर आत फेसाचा गोळा.

फेब्रुवारीत आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याच्या टोकाला राहायला आलो. सगळा उन्हाळा टँकर आणि बोअर. आपल्याकडच्या काळ्या कातळातून येणारं बोअरचं पाणी जड असतं, त्यात साबणाला फेस धरत नाही. मग हात आपोआप सैल सुटतो. एका चमच्याचे दोन होतात. जुलैत पाऊस लागला, खडकवासला धरणाचं पाणी यायला लागलं. ते मऊ. चमचे दोनच राहिले आणि फेस मावेना. टबमधून ड्रॉवरकडं जाणाऱ्या नळीनं तो वर चढायचा, ड्रॉवरच्या कडेनं बाहेर यायचा आणि पुढच्या पत्र्याच्या आतून खाली उतरायचा. मेकॅनिक येईपर्यंत त्याचं पाणी झालेलं. रबर बदलल्यावर तो कपडे आणि साबण न घालता मशीन चालवून दाखवायचा, अर्थात कोरडं. आणि जाता जाता "आठ-पंधरा दिवस पावडर जरा कमी टाका" म्हणायचा. पावडर कमी केली की गळायचं नाही. श्रेय नव्या रबराला.

बोअर आणि महापालिका अशी आलटून-पालटून सोय असलेल्या कुणाचंही मशीन पावसाळ्यात गळू लागलं, तर रबराला हात लावण्याआधी दोन धुणी निम्म्या साबणात काढून बघा. साबण फ्रंट लोडचाच हवा. बादलीत भिजवायची पावडर यात घालू नये, तिला फेस करण्यासाठीच बनवलेलं असतं. सोसायटीत प्रेशर पंप असेल तर तेही तपासा. जोरात आलेलं पाणी ड्रॉवरच्या वरच्या छिद्रांतून नीट न पडता पुढं उडतं. नळ अर्धा पिळून बघितलं की लगेच कळतं.

दाराचं रबर: खरंच फाटलेलं असेल तर

काकूंचं खरोखर फाटलं होतं. खालच्या बाजूला, घड्याळात सहाचा आकडा असतो तिथं, बोटभर चीर. रबराच्या घडीत हात घातला तर एक रुपयाचं नाणं, केसाचे दोन आकडे आणि काळ्या बुळबुळीत शेवाळासारखा थर निघाला. घडीतले आकडे ड्रम फिरताना रबर घासत राहतात. चीर तिथंच पडते.

ठिगळ लावायचा विचार सोडा. सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन या रबरला नीट धरत नाही, आणि एम-सील घट्ट होतं पण रबर हलत राहतं, त्यामुळं पंधरवड्यात पापुद्रा सुटतो. काही मेकॅनिक रबर फिरवून चीर वर नेतात. त्यानं काही महिने निघतात हे खरं, पण खालची पाणी निथळायची छिद्रंही वर जातात, घडीत पाणी साचतं आणि वास मारतो.

नवं मागवताना दाराच्या मागच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर द्या, शेवटच्या अक्षरांसकट. सात किलोचं म्हणून सात किलोचं रबर बसत नाही. काही रबरांना वर पाण्याचा फवारा सोडणारी तोंडं असतात, काहींना नसतात. काढलेल्या रबराशेजारी नवं ठेवून छिद्रं आणि तोंडं मोजूनच ते बसवायला घ्या.

प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. नळ बंद, फिल्टरमधून उरलेलं पाणी ताटलीत काढून घ्या. दाराभोवती रबराच्या खोबणीत तारेची एक रिंग असते आणि तिला एक छोटी स्प्रिंग, बहुतेक मशीनमध्ये खालच्या बाजूला. बोथट स्क्रू ड्रायव्हरनं ती स्प्रिंग उचलली की तार निघते. धारदार टोकानं काढायला गेलात तर पत्र्याचा रंग जातो आणि पुढं तिथूनच गंज धरतो. मग रबराची कड पत्र्यावरून सोलून ड्रममध्ये ढकला. या वेळी फोटो काढा. निदान चार: वरून, खालून, बाणाची खूण कुठं आहे ती, आणि आतल्या क्लॅम्पचा (रबर टबला आवळणाऱ्या पट्टीचा) स्क्रू कुठं आहे तो.

आतला क्लॅम्प हे खरं काम. काही मशीनमध्ये दाराच्या तोंडातून हात घालून तो सुटतो. बऱ्याच मशीनमध्ये वरचं झाकण, साबणाचा ड्रॉवर, बटणांची पट्टी आणि मग पुढचा पत्रा काढावा लागतो. पत्रा ओढण्याआधी दाराच्या लॉकचे दोन स्क्रू आणि त्याची वायर सोडवायची, नाहीतर वायर तुटते. पहिल्यांदा करणाऱ्यानं अख्खी दुपार ठेवावी. काकूंचा मुलगा आणि मी, आम्हाला साडेतीन तास लागले आणि त्यातला एक तास वाटीत ठेवलेले स्क्रू सांडल्यामुळं गेला.

जुनं रबर निघालं की लगेच नवं चढवायची घाई होते. इथंच थांबा. टबची जी कड रबराच्या खोबणीत बसते ती बोटानं फिरून बघा. काकूंच्या टबच्या कडेवर पांढऱ्या क्षाराचे खडबडीत कण होते, वर चिकट थर. त्यावर नवं रबर बसवलं असतं तर कणांच्या मधून पाणी पाझरलं असतं. कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि नायलॉनची घासणी. ब्लेड नको, प्लास्टिकवर पडलेला ओरखडा ही पाण्याला नवी वाट.

मग काच. काच बाहेरून लख्ख दिसते, पण रबराची कड जिथं टेकते तिथं नखानं फिरून बघा. जड पाण्याच्या घरात तिथं एक धुरकट, खरखरीत वर्तुळ असतं. काकूंच्या काचेवर ते इतकं जाड होतं की नख अडत होतं. दोन चमचे लिंबूसत्व कपभर कोमट पाण्यात विरघळवून, कापड भिजवून पंधरा मिनिटं त्यावर गुंडाळून ठेवलं आणि मग पुसलं. वर्तुळ निघालं, दुसऱ्यांदा केल्यावर पूर्ण. हे करताना ब्लीच जवळपासही नको. आम्ल आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. ज्यांचं रबर धड आहे आणि तरी दारातून थेंब येतात, त्यांनी आधी हे करून बघावं. अनेकदा एवढ्यानंच काम होतं.

दाराची बिजागरीही तपासा. दार अर्धवट उघडून वर-खाली हलवा. ढिलं असेल तर दार खाली लोंबतं, काच वरच्या बाजूला सैल आणि खाली जास्त दाबून बसते. ओले कपडे काढताना दारावर भार टाकायची सवय असते बऱ्याच जणांना. स्क्रू आवळून भागलं तर ठीक, नाहीतर बिजागरी बदला.

आता नवं रबर. त्याच्यावर एक बाण किंवा त्रिकोण असतो, तो टबवरच्या खुणेसमोर, वर. निथळायची छिद्रं बरोबर खाली. खोबणीला थोडा भांड्याचा लिक्विड साबण लावा म्हणजे कड सरकते. खोबरेल, ग्रीस, रॉकेल काही नको. दाराचं रबर तेलानं फुगतं आणि सैल पडतं. वरून सुरू करून दोन्ही हातांनी दोन बाजूंनी खाली येत जा. बसल्यावर पूर्ण वर्तुळ बोटानं तपासा, एका ठिकाणी जरी कड खोबणीबाहेर राहिली तरी तिथूनच गळणार. आतला क्लॅम्प होता त्याच जागी, त्याच दिशेनं. बाहेरची तार चढवायला मात्र दुसरा माणूस लागतोच. एकानं वर धरून ठेवायची, दुसऱ्यानं खाली स्प्रिंग ताणायची. एकट्यानं केलं तर तार तीनदा निसटते आणि तोंडातून नको ते शब्द येतात.

पहिलं धुणं कपड्यांशिवाय, साबणाशिवाय, पुढचा पत्रा उघडा नसताना. दुसरं थोड्या कपड्यांचं, साबणासकट. रांगोळीची पट्टी दोन्ही वेळा.

टबचं सील आणि बेअरिंग

आमच्या मशीनला वर्षभरानं खरं दुखणं लागलं. आधी आवाज आला. स्पिन वाढत गेला की बाल्कनीतून विमान उडतंय असं वाटायचं. मग मागच्या पट्टीवर तपकिरी ठिपके. मागचं झाकण काढलं तर टबच्या मधोमध, पुलीच्या मागून गंजाच्या रंगाचा ओघळ खाली आलेला. ड्रमच्या वरच्या कडेला हात घालून उचलला तर तो टबपासून वेगळा खडखडला.

याचा क्रम लक्षात घेतला की पुढचं सगळं समजतं. ड्रमचा शाफ्ट टबच्या पाठीतून बाहेर येतो. पाण्याच्या बाजूला सील, त्यामागं दोन बेअरिंग. सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये जातं, ग्रीस धुऊन निघतं, बेअरिंग गंजतं, शाफ्ट हलायला लागतो, आणि हलणाऱ्या शाफ्टवर सील आणखी भराभर झिजतं. आवाज येईपर्यंत सील जाऊन बराच काळ लोटलेला असतो. त्यामुळं सील बदललं आणि बेअरिंग तेच ठेवलं, किंवा उलट, तर ते काम नाही.

मेकॅनिकनं दोन्ही बदलली. शांत, कोरडं. चार महिन्यांनी पुन्हा तपकिरी ठिपके.

या वेळी टब उघडताना मी शेजारी उभी राहिले. शाफ्टवर जिथं सील बसतं तिथं पितळी रंगाची गुळगुळीत बुश असते. तिच्यावर मी नख फिरवलं. नख अडकलं. सीलच्या कडेनं इतक्या वर्षांत तिथं एक बारीक चर कोरला होता. पहिल्या वेळी नवं सील याच चरावर बसवलं होतं. नव्या सीलची कड चराच्या तळाला टेकत नाही, पाणी खालून सरकतं. वरवरचा डाग असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपरनं निघतो. नख अडकत असेल तर निघत नाही. आमच्या स्पायडरवर, म्हणजे ड्रमच्या पाठीवर तीन हात असलेल्या त्या ॲल्युमिनियमच्या भागावर, पांढरी भुकटीही धरली होती. एका हाताचा तुकडा स्क्रू ड्रायव्हरनं टोकरल्यावर गळून पडला. शाफ्टसकट नवा स्पायडर घेतला. तेव्हापासून मशीन कोरडं आहे.

हे काम घरी करता येतं का? येतं, पण मी सहसा करू नका म्हणेन. सात किलोचं फ्रंट लोड साठ किलोंच्या आसपास भरतं, आत काँक्रीटचं वजन असतं, आणि पूर्ण टब बाहेर काढावा लागतो: स्प्रिंगा, शॉक ॲब्झॉर्बर, हीटरच्या वायरी, पंपाची नळी, सगळं. शिवाय काही मशीनचे टब कारखान्यातच कायमचे जोडलेले असतात, स्क्रूनं उघडत नाहीत. ते कापून परत सिलिकॉननं चिकटवण्यापेक्षा पूर्ण टब घेणं बरं. मेकॅनिकला द्या, पण काम आपल्यासमोर करायला सांगा आणि काही गोष्टी बघा.

बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, उदाहरणार्थ ६२०५ किंवा ६२०६. हे नंबर सगळीकडं सारखेच: ६२०५ म्हणजे आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, जाडी १५. त्यामुळं ते नाना पेठेतल्या बेअरिंगच्या दुकानात नामांकित कंपनीचं मिळतं, "ओरिजिनल सेट"च्या नावाखाली जास्त पैसे मोजायची गरज नाही. दोन्ही बाजूंना रबरी झाकण असलेलं घ्या. सील मात्र मॉडेलप्रमाणेच; त्याच्यावरही आकार छापलेला असतो, जुन्याशी ताडून बघा. बेअरिंग ठोकताना हातोडीचा मार बाहेरच्या कड्यावर बसला पाहिजे. आतल्या कड्यावर मारलं तर नवं बेअरिंग बसवतानाच खराब होतं. जुनं बेअरिंग वर ठेवून ठोकणारा मेकॅनिक दिसला की समजा माणूस कामाचा आहे. सीलच्या आतल्या कडेत पाण्यानं न धुपणारं ग्रीस भरलेलं हवं. गाडीचं साधं ग्रीस थापायला लागला तर थांबवा.

आणि टबचे दोन भाग जोडताना मधली गोल रबरी दोरी. ती जुनीच, चपटी झालेली परत बसवतात. स्वस्त वस्तू आहे, नवी घ्यायला लावा. खोबणी कोरडी पुसलेली असावी.

किरकोळ, पण सगळ्यात जास्त वेळा

फिल्टरची ओ-रिंग: खालचं झाकण आट्यांवर फिरवून बसतं. टॉवेलचा एक धागा, एक केस ओ-रिंगवर आला तरी रात्रभर ठिबकतं. रिंग बदलण्याआधी खोबणी कापडानं पुसा. झाकण तिरकं आवळलेलं नाही ना, बघा.

इनलेट नळी: पाऊण इंची जोड, आत काळं वॉशर. पाणी अडतं ते वॉशर तोटीच्या सपाट कडेवर दाबल्यामुळं, आट्यांमुळं नाही. म्हणून आट्यांवर कितीही टेफ्लॉन टेप गुंडाळली तरी फरक पडत नाही, प्लंबरनं गुंडाळली असली तरी. वॉशर कडक झालं असेल तर दहा-वीस रुपयांत नवं येतं. तोटीची कड खडबडीत असेल तर तोटी बदला. हातानं घट्ट करून वर पान्याचा जेमतेम पाव फेरा. मशीनच्या बाजूचे आटे प्लास्टिकचे असतात, जोर लावला की तडा.

सेमी-ऑटोमॅटिक

सासूबाईंच्या मशीनमध्ये धुण्याच्या टबात पाणीच थांबत नव्हतं. त्या नॉबखाली रबर बँड बांधून काम भागवत होत्या. टबच्या खाली ड्रेनचं तोंड बंद करणारा जो घड्यांचा रबरी बेलो असतो, त्यावर स्प्रिंगचा दाब असतो. बेलोच्या तोंडाशी साडीच्या फॉलचा दोरा अडकला होता, एवढंच. दोरा काढला, बसायची जागा पुसली. बेलो बदलायचा झाला तर झाकण फिरवून निघतो. मात्र नवा बसवण्याआधी आतल्या गोल कडेवर क्षार आहे का ते बोटानं बघायचं.

स्पिनच्या बाजूची गळती मात्र टाळू नका. तिथं शाफ्ट टबच्या तळातून वर येतो आणि त्याभोवती सील असतं, मेकॅनिक त्याला वॉटर सील म्हणतात. ते गेलं की पाणी सरळ खालच्या मोटरवर पडतं. मोटर जळते ते वेगळं. ओल्या हातानं पत्र्याला शिवलं तर शॉक बसू शकतो. असं गळायला लागलं की स्पिन बंद, प्लग बाहेर, कपडे हातानं पिळा. मागचं झाकण काढणाऱ्यानं लक्षात ठेवावं की कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही वेळ वीज उरते. सील बदलताना शाफ्टवर गंज आहे का ते बघायला सांगा. गंजलेल्या शाफ्टवर नवं सील महिन्याभरात खरवडलं जातं.

बेलो बसवल्यावर मी धुण्याच्या टबात अर्ध्यापर्यंत पाणी भरलं, पातळीवर पेन्सिलनं रेघ मारली आणि चहा टाकायला गेले. अर्ध्या तासानं रेघ आणि पाणी एकाच ठिकाणी होतं. सासूबाईंनी रबर बँड तरीही नॉबला अडकवून ठेवला आहे, असू दे म्हणाल्या.